पाणी पिण्यासाठी थांबणारी गाडी

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडे पडलेले, लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झालेली. १२ तारखेच्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूर स्टेशनात शिरली. तिला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मिरज ते लातूर हे ३४२ किलोमीटरचे अंतर तोडून कृष्णाकाठचे पाणी मांजराकाठी आले. त्या ‘जलदूत’ गाडीचे छायाचित्र देशभर छापून आले आणि मराठवाड्याच्या मनात ते कायमचे राहिले.

ही गाडी ज्या वाटेने आली, ती वाट आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीची. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही बार्शी लाइट रेल्वेची वाट. १९११ साली लातूरला पहिली आगगाडी आली ती याच वाटेने, वाफेच्या इंजिनामागून, अडीच फुटी रुळांवरून. ती गाडी मात्र पाणी आणणारी नव्हती, वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी पिणारी होती. तिची तहान कशी होती आणि त्या तहानेने या मार्गावरची स्टेशने कशी घडवली, ही विज्ञानाची गोष्ट आहे. ती आपल्या शिवारात घडली, म्हणून ती आपण जपायला हवी.

पाच टनांचा नियम

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा ब्रिटिश इंजिनिअर ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. जी.आय.पी.चा मोठा मार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला होता. बार्शीची बाजारपेठ मोठी, पण जवळचे स्टेशन सुमारे ३५ किलोमीटर दूर. त्या स्टेशनाचे नावच तेव्हा ‘बार्शी रोड’ होते, तेच आजचे कुर्डुवाडी. कॅलथ्रॉपने १८९५ मध्ये कंपनी उभी केली आणि मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९०७ मध्ये तडवळे, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. सगळी मिळून २०२ मैलांची, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरची ही रेल्वे झाली.

कॅलथ्रॉपचे मोठेपण दोन रुळांतले अंतर कमी करण्यात नव्हते, वजनाचा हिशेब मांडण्यात होते. रुळाला गाडीचे एकूण वजन कळत नाही. त्याला कळतो तो चाकांच्या एकेका जोडीचा भार. म्हणून त्याने नियम घातला की इंजिन असो, डबा असो वा वाघीण, कोणत्याही जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. तो सांभाळला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि भरावही कमी लागतो. बार्शीचे रूळ यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे होते. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो.

आपल्या काळ्या मातीत या हिशेबाला आणखी अर्थ येतो. या मातीतले चिकणकण पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. शेतातल्या भेगांत पाय अडकतो, घराच्या भिंतींना तडे जातात, ते याच गुणामुळे. अशा जमिनीवरून रूळ न्यायचे तर भार जितका कमी, तितका त्रास कमी.

तांब्याचा बंब आणि इंजिनाची तहान

पण या पाच टनांच्या नियमाने एक नवी अडचण उभी केली, आणि स्टेशनांचा जन्म त्या अडचणीत आहे. ती समजून घ्यायला घरचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे असाच आडवा ठेवलेला बंब. फक्त त्यात एका नळीऐवजी अनेक बारीक नळ्या, कारण जाळाला आणि पाण्याला एकमेकांजवळ येण्यासाठी जितकी जागा द्यावी, तितकी उष्णता लवकर पाण्यात उतरते.

एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसातपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणतो. एका लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे १,६०० लिटर वाफ होते. बॉयलरमध्ये कोंडलेली ही वाफ दट्ट्याला ढकलते आणि चाके फिरतात. मग ती धुराड्यातून बाहेर जाते. ‘भक् भक्’ हा आवाज तिचाच. जाता जाता ती भट्टीतला धूर ओढून नेते आणि जाळाला ताजी हवा मिळते. गाडी जोरात चालली की वाफ जास्त सुटते, वाफ जास्त सुटली की जाळ जास्त फुलतो. इंजिन आपला भाता आपणच चालवते.

या सुंदर युक्तीची किंमत पाण्यात मोजावी लागते. बाहेर गेलेली वाफ परत मिळत नाही, आणि पाणी वाफ करण्यासाठी खर्ची पडलेली ती प्रचंड उष्णताही तिच्याबरोबर आभाळात जाते. म्हणून कोळशातल्या शंभर भाग ऊर्जेपैकी सहा-सात भागच गाडी ओढण्याच्या कामी येत. एक किलो चांगला कोळसा जळला की सहा-सात लिटर पाणी संपे. म्हणजे वाफेची गाडी कोळशापेक्षा कितीतरी अधिक पाणी खात असे.

आता पाच टनांचा नियम पुन्हा समोर ठेवा. बार्शीची पहिली पाच इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. त्यांना एकमेकांना जोडलेली आठ चाके आणि मागे आधाराची चार चाके होती, म्हणजे चाकांच्या सहा जोड्या. पाच टनांच्या हिशेबाने सगळे इंजिन ३० टनांच्या आत बसले पाहिजे. पाण्याच्या टाक्या वेगळ्या डब्यात नव्हत्या, इंजिनाच्याच अंगावर होत्या. प्रत्येक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि तेही त्याच ३० टनांत मोजायचे. त्यामुळे टाकी लहान, टाकी लहान म्हणून पल्ला कमी आणि पल्ला कमी म्हणून थोड्याथोड्या अंतरावर पाणी. नकाशावर स्टेशन कुठे असावे हे गावाने आणि बाजाराने जितके ठरवले, तितकेच या टाकीनेही ठरवले.

विहीर, घाट आणि गोळा

पाण्याच्या स्टेशनाला विहीर लागे, उंच टाकी लागे आणि इंजिनाच्या अंगावर वळणारी जाड सोंड लागे. टाकी उंचावर असण्याचे कारण साधे आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब वातावरणाच्या एका दाबाइतका असतो. त्या दाबाने जाड नळातून पाणी धो धो येते आणि काही मिनिटांत इंजिन भरते. गावातल्या पाण्याच्या टाकीचे तत्त्वही हेच.

पण आपल्या काळ्या खडकातले पाणी जड. पावसाचे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. बंबाच्या आत पांढरी खपली धरते ती याचीच. बॉयलरच्या नळ्यांवर अशी खपली बसली की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त लागतो आणि धातू तापून कमजोर होतो. म्हणून ठरलेल्या दिवसांनी बॉयलर थंड करून आतून धुवावा लागे. पाणी नुसते असून भागत नव्हते, ते कसे आहे हेही बघावे लागे.

बार्शीहून लातूरकडे येताना पांगरीनंतर बालाघाटाची चढण लागे. रामलिंगच्या रानातून जुना मार्ग वर चढे आणि येडशीला पठारावर येई. या चढणीचे गणित कुणालाही करता येईल. शंभर मीटरमागे एक मीटर चढ असेल, तर प्रत्येक टनाला वर न्यायला सपाटीवरच्या ओढीखेरीज दहा किलोचा जोर जास्त लागतो. समजा गाडी १५० टनांची आहे, तर नुसत्या चढासाठी दीड टन ओढ हवी. इंजिनाच्या जोडलेल्या आठ चाकांवर २० टन भार. कोरड्या रुळावर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे पाच टन ओढ मिळू शकते. रूळ ओले झाले की हा हिस्सा बराच उतरतो आणि चढ तीव्र असेल तर चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी चाकांपुढे वाळू सोडतात, त्यासाठी इंजिनावर वाळूची पेटीच असते. घाटात गाडी उभी राहिली तर पुन्हा हलवणे कठीण. म्हणून स्टेशन शक्य तितक्या सपाट जागी, घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर. पायथ्याला पाणी आणि वाफ भरून घ्यायची, माथ्यावर दम खायचा.

मार्ग एकेरी असला की समोरासमोरच्या गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. त्यासाठी आपल्याकडे अनेक एकेरी मार्गांवर लोखंडी ‘गोळा’ वापरत. दोन स्टेशनांतली यंत्रे तारेने जोडलेली असत आणि दोन्ही मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर देत. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नाही. पुढच्या स्टेशनात तो यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नसे. संगणक येण्याच्या कितीतरी आधी, चूक होऊच न देणारी ही तर्कशुद्ध रचना खेड्यातला स्टेशन मास्तर रोज चालवत होता.

कुर्डुवाडी, शेंद्री, बार्शी, पांगरी, येडशी, कळंब रोड, तडवळे, ढोकी, मुरूड, हरंगुळ, लातूर ही नावे म्हणजे नुसती गावांची यादी नाही. यातली काही इंग्रजी मुलखात, काही निजामाच्या राज्यात. या गाडीने कापूस गेला, धान्य गेले, पंढरीचे वारकरी गेले. उत्तरेकडे, त्याच सुमारास, मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून नांदेडमार्गे हैदराबादला मीटरगेज मार्ग गेला. त्या मार्गाचे माप वेगळे, राज्य वेगळे, पण इंजिनाची तहान तीच.

काय गेले, काय उरले

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. या शतकाच्या पहिल्या दशकात एकेक टप्पा करत ती ब्रॉडगेज झाली. लातूर ते उस्मानाबाद २००७ मध्ये, पुढे कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये. नवा मार्ग उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, कवेत घेऊन गेला. हे व्हायलाच हवे होते. जलदूतच्या एका वाघिणीत ५० टन पाणी होते, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर नुसत्या पाण्याचेच साडेबारा टन. पाच टनांच्या रुळांवरून ते लातूरला कधीच येऊ शकले नसते.

पण नवे आणताना जुने पुसलेच पाहिजे असे नाही. कॅलथ्रॉपनेच पुढे इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यात अडीच फुटी रेल्वे बांधली. १९०४ मध्ये सुरू झालेला तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. तीन वर्षांत त्याच्या वाटेवर चालणाऱ्यांसाठी रस्ता झाला, आणि हल्म एंड स्टेशनाचे तिकीटघर आज पाहुण्यांना त्या खोऱ्याची माहिती देते. वेल्समधला वेल्शपूल-लॅनफेअर हा मार्गही अडीच फुटीच. तो १९५६ मध्ये बंद झाला आणि स्वयंसेवकांनी १९६३ मध्ये पुन्हा सुरू केला. तिथे वाफेचे इंजिन आजही स्टेशनात थांबून पाणी घेते. आपल्याकडे नेरळ-माथेरान मार्गावर ‘वॉटर पाइप’ नावाचे स्टेशन आहे. वाफेचे दिवस सरले तरी त्या नावात इंजिनाची तहान शिल्लक आहे.

आपण बहुधा एखादे इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभे करतो आणि वारसा जपला असे मानतो. चौथऱ्यावरच्या इंजिनाला पाणी लागत नाही, चढ लागत नाही, समोरून येणारी गाडी लागत नाही. ते का तसे बांधले, हे ते एकटे सांगू शकत नाही. ते सांगते स्टेशन. विहीर इथे का, टाकी एवढी उंच का, फलाट इतका बुटका का, या प्रश्नांची उत्तरे जागेवरच मिळतात.

लातूरमध्ये दरवर्षी हजारो मुले अप्रकट उष्म्याची आणि घर्षणाची गणिते सोडवायला येतात, नांदेडमध्येही येतात. त्यांच्या अभ्यासिकांपासून काही मैलांवर या दोन्ही धड्यांचे खरेखुरे पुस्तक ऊन-पावसात पडून आहे. शिक्षकांनी एका रविवारी मुलांना तिथे न्यावे. उरलेल्या टाक्या, विहिरी, फलाट, जुन्या मार्गाचे भराव मोजावेत, त्यांची चित्रे काढावीत, जुन्या रेल्वे कामगारांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. रेल्वेने आणि पुरातत्त्व खात्याने या मार्गावरचे निदान एक स्टेशन विहीर, टाकी आणि सोंडेसकट जसेच्या तसे राखावे.

याच मार्गावरच्या हरंगुळला आज रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना उभा आहे, आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. नवे डबे घडवणाऱ्या या जिल्ह्याने एक जुनी पाण्याची टाकी सांभाळावी, एवढेच मागणे आहे. पाण्याची किंमत लातूरला कुणी शिकवायला नको.