औंढ्याला न सापडलेला पोलंडचा स्वामी

सातवीत असताना एका महाशिवरात्रीला मी औंढा नागनाथच्या गर्दीत एक गोरा स्वामी हुडकत फिरलो होतो. त्याच आठवड्यात गुरुजी वर्गात बोलता बोलता सांगून गेले होते, की औंधला पोलंडचा एक इंजिनिअर भगवे कपडे घालून राहायचा आणि त्याच्या नादानं राजानं आपलं राज्य रयतेला देऊन टाकलं. चारठाण्याच्या पोरांना औंध ऐकू आलं तरी कळतं औंढाच. जिंतूरच्या पुढं दुसरं औंध कुठं असणार? देवळाच्या मागं, तळ्याकाठी, साधूंच्या पंगतीत, सगळीकडं पाहिलं. शेवटी वडिलांनी कान धरला. "काय हुडकायलास रं?" मी म्हणालो, "पोलंडचा स्वामी." त्यांनी हातावर पेढा ठेवला आणि घरी आणलं.

ते औंध सातारा जिल्ह्यातलं, हे कळायला चार वर्षं गेली. स्वामी मात्र डोक्यातून गेला नाही. मॉरिस फ्रीडमन हे त्याचं नाव, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल सापडेल ते वाचत आलो. वाचता वाचता पोलिश भाषेचे चार शब्दही चिकटले. त्यांचा उपयोग कुणाला होईल असं वाटलं नव्हतं. तो गेल्या वर्षी झाला.

गावातला एक पोरगा घडी घातलेला कागद घेऊन आला. पोलंडला जायचं ठरलं होतं, एजंटाला पैसे देऊन झाले होते. "काका, मॅगझिनमध्ये काम लागलंय म्हणतोय. तुमी लिवता ना मासिकात? कसलं काम असतंय तिथं?" मी कागद उघडला. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं 'प्रात्सोव्निक मागाझिनू'. मला हसू आवरेना. पोलिशमध्ये मागाझिन म्हणजे गोदाम. मूळ शब्द अरबी 'मखजन', साठवणीची जागा. आपला 'खजिना' त्याच धातूचा. निजामाच्या मुलखात वाढलेल्या आजोबांना हा शब्द आमच्यापेक्षा लवकर कळला असता. पोराला मासिकात नव्हे, गोदामात खोकी उचलायची होती.

कागदाच्या माथ्यावर दुसरा एक शब्द होता, 'त्सुजोझ्येमियेत्स'. परदेशी माणूस. फोड केली तर 'परक्याच्या भूमीचा'. आपल्या 'परमुलखी'च्या जवळचा.

तो परवाना मी तीनदा वाचला. कंपनीचं नाव, कामाचा हुद्दा, कराराचा प्रकार, कमीत कमी पगार, मुदत. असा परवाना कामगार स्वतः काढत नाही, मालक काढतो, आणि कामगार त्या मालकाशी, त्या हुद्द्याशी बांधला जातो. मालक बदलायचा तर बहुतेक वेळा परवानाही नवा. त्या जोरावर व्हिसा, तिथं पोचल्यावर 'पेसेल' नावाचा ओळख क्रमांक, आणि पुढं राहायचं असेल तर 'कार्ता पोबितू', म्हणजे निवासाचं कार्ड. त्याची वाट पाहण्यात महिनेच्या महिने जातात. २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन महिन्याला ४६६६ झ्लॉटी होतं. विमा, कर कापून हातात साधारण ३५००. झ्लॉटीला तेव्हाचे २२-२३ रुपये धरा आणि खोलीभाडं त्यातूनच काढा. आकडा चारठाण्यात मोठा वाटतो, तिथं पोचेपर्यंत आटतो. एजंट सांगत नाहीत अशी एक गोष्ट मी पोराला सांगितली. करार लेखी हवा, आणि सही करण्याआधी तो तुला कळेल अशा भाषेत तुझ्यापुढं ठेवणं हे मालकाचं कायदेशीर काम आहे. मागून घे. लाजू नकोस. २०२३ मध्ये व्हिसासाठी पैसे चारल्याच्या आरोपांवरून खुद्द पोलंडचा एक उपपरराष्ट्रमंत्री घरी बसला, हेही सांगितलं. पोरगा म्हणाला, "म्हणजे एजंट तिकडंबी हायेत."

आता माझ्या स्वामीकडं वळतो, कारण त्याचा कागद निराळा होता.

फ्रीडमन वॉर्साचा, ज्यू घरातला, विजेचा इंजिनिअर. फ्रान्समध्ये नोकरीत असताना म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्याला बंगळूरचा सरकारी विद्युत कारखाना चालवायला बोलावलं. गोष्ट १९३० च्या दशकातली. म्हणजे तोही नोकरीवरच आला होता, आमच्या पोरासारखा, मालकानं बोलावल्यावर. फरक इतकाच की याला खोकी नव्हे, कारखाना सांभाळायचा होता. तिथं रमण महर्षींची, मग गांधींची ओढ लागली. स्वामी रामदासांकडून संन्यास घेतला, नाव भारतानंद. गडी कारखान्यात भगव्या कपड्यांत यायला लागला आणि पगार वाटून टाकायला लागला. दिवाणसाहेबांनी म्हणे तोड काढली: काय घालायचं ते घाला, पण बडे पाहुणे आले की सूट चढवायचा. ही गोष्ट मला फार आवडते. परदेशी माणसाला कपडे कुणासाठी घालायचे आणि कुणासाठी उतरवायचे हा हिशेब रोज करावा लागतो. फ्रीडमननं तो उलटा केला. त्याचा भगवा रोजचा होता आणि सूट सोंगाचा.

बंगळूरला त्याची गाठ औंधच्या राजपुत्राशी पडली. अप्पासाहेब पंत, ऑक्सफर्डला शिकून आलेले, पुढं मोठे मुत्सद्दी झाले ते. वडील बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे, चित्रांचे आणि कीर्तनांचे राजे. संस्थान छोटं, ७२ गावांचं, सलगही नव्हे. तुकडे सातारा, सांगली, विजापूरकडं विखुरलेले. पण किर्लोस्करवाडी याच संस्थानातली, १९१० सालची. नांगराचा कारखाना ज्या राजानं माळावर वसू दिला त्याला इंजिनिअर माणसाचं वावडं असायचं कारण नव्हतं.

नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी जाहीर केलं, की सत्ता प्रजेच्या हाती देणार. जाहीरनाम्याच्या आणि पुढच्या घटनेच्या मसुद्यामागं फ्रीडमनचा हात होता. अप्पासाहेब आणि फ्रीडमन मसुदा घेऊन गांधींकडे सेवाग्रामला गेले. तिथं मसुदा गांधींच्या हाताखालून गेला आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधची स्वराज्य घटना अमलात आली. खाली गावाची निवडून दिलेली पंचायत, तिच्यावर तालुका, त्याच्यावर विधिमंडळ. अधिकाराचं पाणी खालून वर चढवायचं, अशी ही रचना. त्याच वेळी आमच्या चारठाण्यात निजामाचा अंमल होता. कुणाला निवडायचं, हा प्रश्न इथं कुणाच्या बापाला पडला नव्हता. ही दोन गावं तेव्हा एकाच देशात होती म्हणायला जीभ अडखळते. आणि पुढच्या आठ महिन्यांत फ्रीडमनचं वॉर्सा बॉम्बखाली गेलं. त्यानंतर तिथल्या ज्यू वस्तीचं काय झालं ते वाचकांना मी सांगायला नको. माणदेशातल्या गावकऱ्यांना पंचायत समजावून देणाऱ्या या माणसाच्या मागं परत जाण्याजोगं गाव उरलं नव्हतं.

घटनेपेक्षा मला त्याची दुसरी कल्पना जास्त थक्क करते. आटपाडी तेव्हा औंधमध्ये होती. तिथल्या दुष्काळी माळावर खुनाची शिक्षा झालेल्या कैद्यांना बायकामुलांसह मोकळं वसवायचं, भिंत नाही, बेड्या नाहीत, कसायला जमीन. १९३९ मध्ये स्वतंत्रपूर उभं राहिलं. आजही ती खुली वसाहत महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडं आहे. आणि आटपाडीजवळच्या माडगुळ्यात वाढलेला औंध संस्थानचा एक पोरगा पुढं व्ही. शांतारामांसाठी कथा लिहितो, 'दो आंखें बारह हाथ'. १९५७ चा चित्रपट, बर्लिनला पारितोषिक मिळवून आला. तो पोरगा म्हणजे ग. दि. माडगूळकर, हे सांगायला नको. जेलर आठवतो, सहा कैदी आठवतात, बैल आठवतो. कल्पना ज्या परदेश्याच्या डोक्यातली, तो कुणाला आठवत नाही. यात कुणाचा कट नव्हता. फ्रीडमनलाच नाव नको होतं. पण त्याला नको होतं म्हणून आपण विसरावं, हे काही सज्जनपणाचं लक्षण नाही.

पोलंड आणि महाराष्ट्र म्हटलं की लोक हटकून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट काढतात, आणि इथं माझा एका मित्राशी जुना वाद आहे. तो कोल्हापूरचा. तो म्हणतो, आम्ही पोलंडला आसरा दिला. मी म्हणतो, दिला. पण गोष्ट नीट सांग. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकललेली ही माणसं. १९४१ च्या करारानंतर सुटली, कास्पियन ओलांडून इराणला पोचली, तिथून इकडं आली. जामनगरच्या दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांना जागा दिली. वळिवड्याची छावणी १९४३ मध्ये उघडली, सुमारे ५००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट सगळं होतं. खर्चाचा भार मात्र लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारवर होता. कोल्हापूरनं दिली ती जमीन, पंचगंगेचं पाणी, बाजार आणि शेजार. शेजार ही काही किरकोळ देणगी नव्हे, पण उपकाराचा नगारा वाजवावा अशीही नव्हे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं त्या परागंदा सरकारची मान्यता काढली आणि वळिवड्यातल्या बायकांना एका सकाळी कळलं, की ज्या सरकारच्या नावावर आपण इथं आहोत ते कागदावर उरलंच नाही. पोलंड होता, पण तो आता त्यांचा नव्हता. त्यांची घरं तर सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४८ च्या सुरुवातीला छावणी रिकामी झाली. त्याच बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या ती तारीख १७ सप्टेंबर १९३९. मराठवाड्यातल्या वाचकाला ही तारीख वाचून दचकायला होईल. आम्ही १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा लावतो, कारण १९४८ मध्ये त्याच दिवशी निजामानं शरणागती पत्करली. वळिवड्यातल्या आईला तो दिवस घर गेल्याचा. योगायोगाला अर्थ नसतो हे मला कळतं. तरीही दर वर्षी झेंड्याखाली उभं राहिलो की त्या बराकी डोळ्यांसमोर येतात.

वळिवड्याच्या पोलिश लोकांना मराठी शिकायची गरज नव्हती. त्यांचं मन परतीच्या गाडीत बसलेलं होतं, आणि त्यात गैर काही नाही. फ्रीडमन शिकला. माझ्या मते सगळा फरक इथं आहे. दोन्ही भाषांची ठेवण पाहिली तर ते अगदीच अवघडही नसावं. पोलिशमध्ये सात विभक्ती, आपल्या शाळेतल्या व्याकरणात संबोधन धरून आठ. त्यांच्यातही हाक मारताना नावाचं रूप बदलतं. आदरानं विचारायचं तर 'तुम्ही' म्हणत नाहीत, 'पान घेणार का?' असं म्हणतात. पान म्हणजे साहेब. आपल्याकडं घरचा गडी मालकालाच 'मालक जेवणार का?' विचारतो, तसंच. पोराला मी हेच आधी पाठ करून घ्यायला लावलं. पान, पानी, जेन दोब्री. पगाराची चिठ्ठी पुढची गोष्ट.

फ्रीडमनच्या मराठीचं चीज मुंबईत झालं. १९५९ नंतर तिबेटी निर्वासितांसाठी तो आणि वांडा डिनोव्स्का ही दुसरी पोलिश बाई धावपळ करत होते. वांडाबाईंना गांधींनी उमादेवी म्हटलं होतं. मग साठच्या दशकात कधी तरी तो खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत गेला. तिथं मारुती शिवरामपंत कांबळी नावाचे विडीचे दुकानदार माळ्यावर बसून मराठीत बोलत. जग त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणतं. फ्रीडमननं ती बोलणी ध्वनिफितीवर घेतली आणि इंग्रजीत उतरवली. १९७३ मध्ये मुंबईच्या चेतना प्रकाशनानं 'आय ॲम दॅट' काढलं. त्यातले १०१ संवाद आज साऱ्या जगात वाचले जातात. गिरगावातल्या माळ्यावरची कोकणी वळणाची मराठी जगाच्या कानी गेली ती वॉर्साच्या माणसाच्या हातून. १९७६ मध्ये तो मुंबईतच गेला.

चारठाण्याच्या गोकुळेश्वराच्या पायरीवर बसून मी कधी कधी त्याचा विचार करतो. इथले दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेत आणि घडवणाऱ्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही. यादवकाळ म्हणतो आणि मोकळे होतो. कारागीर कुठल्या मुलखातून आले, त्यांची बोली कोणती, त्यांना इथं कुणी परमुलखी म्हटलं का, काही माहीत नाही. काम मात्र आमच्या दारात उभं आहे.

पोराच्या परवान्याच्या पाठीमागं मी प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहून दिला. हुद्दा, पगार, मुदत, कुणाकडं तक्रार करायची ते. त्यानं कागद घडी करून पासपोर्टात ठेवला. जाताना दारात थांबला. मी फ्रीडमनची गोष्ट त्याला ऐकवली होतीच.

"काका, पोलंडचा माणूस इकडं कशाला आला असंल?"

"काम होतं म्हणून," मी म्हणालो.