दीर्घिकांची फिरण्याची दिशा आणि पाहणाऱ्याचा डोळा

छताचा पंखा खालून एका दिशेने फिरताना दिसतो. तोच वरून पाहता आला तर नेमका उलटा फिरताना दिसेल. दीर्घिकांचेही तसेच आहे. सर्पिल दीर्घिका घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते की उलट, हे पाहणारा कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. विश्वाला खास आवडती दिशा नसेल, तर पृथ्वीवरून दोन्ही प्रकार जवळपास सारखेच दिसायला हवेत.

अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठाचे लिओर शमीर यांनी २०२५ मध्ये वेगळेच चित्र मांडले. जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतील २६३ दीर्घिकांपैकी १५८ काट्यांप्रमाणे फिरताना आढळल्या, १०५ उलट. नाणेफेकीत एवढी तफावत हजारात एखाद्या वेळीच पडते. मग विश्व फिरतच जन्माला आले की काय? की आपली आकाशगंगा स्वतः फिरत असल्याने उलट फिरणाऱ्या दीर्घिका किंचित अधिक तेजस्वी दिसतात आणि म्हणून जास्त मोजल्या जातात? हे दुसरे कारण खरे निघाले, तर विश्वातील अंतरांची मोजमापेही तपासावी लागतील.

मात्र हा विषय पूर्वीही एकदा फसला आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ उपक्रमात हजारो हौशी लोकांनी घरबसल्या दीर्घिकांची वर्गवारी केली. काट्यांच्या उलट फिरणाऱ्या दीर्घिका जास्त निघाल्या. संशोधकांनी मग तीच छायाचित्रे आरशातल्यासारखी उलटवून दाखवली. आता आकडे उलटायला हवे होते. पण पुन्हा ‘उलट’चेच पारडे जड! कल आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांत होता. नव्या औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला मिळाली, हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू देत नाहीत, ते याचसाठी.

शमीर यांनी डोळ्यांऐवजी संगणक वापरला, ही जमेची बाजू. तरीही त्यांच्या आधीच्या एका यादीत काही दीर्घिका दोनदा मोजल्या गेल्याचे जपानच्या मासानोरी इये यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले. त्या वगळताच कल नाहीसा झाला. शिवाय वेबने टिपलेला हा तुकडा आकाशात पौर्णिमेच्या चंद्राहूनही लहान आहे. विश्वाला खरोखर अक्ष असेल, तर आकाशाच्या बरोबर विरुद्ध भागात हेच प्रमाण उलटे दिसले पाहिजे. त्या बाजूच्या तितक्याच खोल छायाचित्रांत ते दिसेपर्यंत २६३ चा आकडा लहानच मानावा लागेल.