सिलिंडर हेडचे बोल्ट कसे आवळावे?

रत्नागिरीहून देशावर जावयाचें तर सह्याद्रि चढणें भागच असतें. साखरपा मागें टाकून आंबा घाटास लागलेल्या जुन्या मोटारीच्या एंजिनची खरी परीक्षा तेथेंच होते. गति मंद, श्रम अधिक आणि वारा कमी. त्यामुळें एंजिन तापतें. सिलिंडर हेड नीट बसलेलें नसेल तर रेडिएटरमधील पाणी उसळूं लागतें आणि गाडी घाटांतच अडते.

१९२८ ते १९३१ या सालांचें फोर्ड 'मॉडेल ए' हें उदाहरण घ्यावें. याच्या सिलिंडरचा व्यास ३⅞ इंच आहे. स्फोटाचा दाब दर चौरस इंचास ३०० पौंड धरला, तरी एका सिलिंडरवरील हेडास साडेतीन हजार पौंडांचा धक्का बसतो. हेड आणि ब्लॉक यांमधील गॅस्केटनें हा वायु व शेजारचें पाणी हीं दोन्ही अडवावयाचीं असतात. यासाठीं चौदा स्टडांवरील नट हेड दाबून धरतात.

आवळलेला बोल्ट किंवा स्टड किंचित् ताणला जातो आणि स्प्रिंगप्रमाणें हेड खालीं ओढतो. हा ताण सर्वत्र सारखा असणें, हेंच या कामाचें मर्म होय. परंतु पान्यास लावलेल्या जोरापैकीं सुमारें नऊ दशांश घर्षणांतच खर्च होतो. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेनें आटे गंजले असले, तर नट घट्ट लागतो, पण ताण अपुराच राहतो. म्हणून आटे प्रथम स्वच्छ करून त्यांस तेलाचा हलका हात द्यावा. बोल्टाच्या बंद भोकांत मात्र तेल वा पाणी सांचूं देऊं नये. बोल्ट उतरतांना त्या दाबानें ब्लॉक तडकण्याचा संभव असतो. हेडची बैठक सपाट आहे कीं नाहीं, हेंही सरळ पट्टी लावून पाहावें.

आवळण्याचा आरंभ मध्यापासून करावा आणि आलटून पालटून दोन्ही टोकांकडे जावें. टोकें आधीं आवळलीं, तर गॅस्केट मध्यें फुगून राहतें व हेड वांकतें. हें काम तीन फेऱ्यांत करावें. 'मॉडेल ए'साठीं सामान्यतः ५५ फूट-पौंड हें माप धरतात. म्हणून पहिली फेरी सुमारें २०, दुसरी ४० आणि तिसरी ५५ वर थांबवावी. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकास ५५ पौंडांची ओढ, असा या मापाचा अर्थ आहे. दोन फुटी पान्यास निम्मी ओढ पुरते. म्हणूनच लांब पान्यानें अंदाजानें ओढणारा मिस्त्री नकळत स्टड तोडतो. ओढ मोजणारा टॉर्क-पाना वापरणें उत्तम. हेड उतरवितांना एंजिन थंड असावें आणि क्रम उलटा, म्हणजे टोकांकडून मध्याकडे, ठेवावा.

एंजिन चालून तापलें म्हणजे नवें गॅस्केट थोडें दबतें आणि बोल्टांचा ताण उतरतो. यास्तव त्याच क्रमानें पुन्हां एकदां माप तपासावें. ही तपासणी गरम असतां करावी कीं थंड झाल्यावर, हें हेडच्या धातूवर व गॅस्केटवर अवलंबून असतें. त्याबाबत निर्मात्याच्या पुस्तिकेची सूचनाच प्रमाण मानावी. घाट चढण्याचा बेत या तपासणीनंतरच करावा.