निचऱ्याची माती : कोल्हापुरातील पाइन बोन्साय

रोपवाटिकेत वाढलेले पाइनचे रोप बोन्सायच्या उथळ कुंडीत नेणे हे कुंडी बदलण्याचे काम समजले जाते, पण खरे पाहता ते माती बदलण्याचे काम आहे. कोल्हापूरच्या हवेत असे झाड जगणार की कुजणार याचा निर्णय फांद्यांना तार गुंडाळण्याच्या किती तरी आधी या मातीत झालेला असतो.

पाइन हा सूचिपर्णी, म्हणजे सुईसारखी पाने असणारा वृक्ष असून त्याच्या सुया जुडग्याने येतात : हिमालयातील चीड पाइनला तीन, जपानी काळ्या पाइनला दोन आणि जपानी पांढऱ्या पाइनला पाच. पांढऱ्या पाइनला कडक थंडीतील विश्रांती लागते, ती कोल्हापुरात मिळत नाही. चीड मात्र हिमालयाच्या पायथ्याशी सुमारे साडेचारशे-पाचशे मीटर उंचीपासून आढळतो आणि कोल्हापूर शहर जवळपास साडेपाचशे मीटरवर वसलेले आहे, त्यामुळे तो येथे तग धरू शकतो. त्याच्या वीतभर लांब सुया लहान आकाराच्या बोन्सायला जड वाटतात, हा भाग वेगळा. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकला जाणारा अरोकेरिया आणि पाइनसारखा दिसणारा सुरू ही झाडे पाइन नव्हेत, याची खात्री रोप घेतानाच करून घ्यावी.

रोपवाटिकेतील रोप बहुधा तांबडी माती, शेणखत आणि कोकोपीट यांच्या मिश्रणात, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढलेले असते. उंच पिशवीत आणि वर्ष-दोन वर्षांच्या मुदतीसाठी हे मिश्रण चांगलेच असते, त्यामुळे रोपवाटिकेला दोष देण्याचे कारण नाही. पुढे मात्र सेंद्रिय भाग कुजून बारीक होतो, मातीतील पोकळ्या बुजतात, मुळे पिशवीच्या कडेने गोल फिरू लागतात आणि गोळ्याच्या मधोमध पाणी व हवा पोहोचेनाशी होते. हाच गोळा जसाच्या तसा उथळ कुंडीत ठेवला, तर त्याची अवस्था आणखी बिघडते, आणि त्यामागे एक भौतिक नियम आहे.

दोरीवर वाळत घातलेले लुगडे वरून कोरडे पडत जाते, पण खालचा काठ बराच वेळ ओला राहतो, कारण धाग्यांमधील केशाकर्षण, म्हणजे बारीक फटींत पाणी धरून ठेवणारी ओढ, तेवढ्या पाण्याला खाली पडू देत नाही. कुंडीतही पाणी दिल्यावर तळाशी असाच एक ओला थर उरतो, आणि त्याची जाडी कुंडीच्या उंचीवर अवलंबून नसून मातीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते : कण जितके बारीक तितका थर जाड. उंच पिशवीत हा थर तळापुरता राहतो. चार बोटे खोलीच्या कुंडीत मात्र तोच थर सगळी मुळे बुडवू शकतो. तळाशी खडे किंवा खापऱ्या पसरल्या की निचरा सुधारतो, हा सर्वत्र रूढ असलेला समज म्हणूनच चुकीचा आहे, कारण बारीक माती आपले पाणी खालच्या खड्यांना सहज सोडत नाही आणि ओला थर त्या खड्यांच्या वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. उपाय एकच, तो म्हणजे वरपासून खालपर्यंत भरड आणि एकसारख्या कणांचे मिश्रण.

जपानमध्ये यासाठी अकादामा वापरतात. ही कांतो मैदानातील ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली दाणेदार माती होय. टोकियोतील बोन्साय-व्यावसायिकांनी १९२३ च्या भूकंपानंतर ओमिया येथे वसाहत केली, त्यामागेही चांगल्या मातीचा व पाण्याचा शोध होता. कोल्हापूरची जमीनही ज्वालामुखीचीच देणगी आहे. परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बेसाल्ट खडकापासून झालेली येथील काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि उसाला मानवणारा हा तिचा चिवटपणा पाइनच्या मुळांना घातक ठरतो. महागडा अकादामा मागवण्याची मात्र येथे गरज नाही. पंचगंगेकाठच्या वीटभट्ट्यांतील पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे फोडून, तीन ते सहा मिलिमीटरचे दाणे चाळून, धुऊन घेतले, तर ते सच्छिद्र असल्याने पाणी पोटात धरतात आणि दोन दाण्यांमधून हवा खेळू देतात. जिल्ह्याच्या पश्चिम भागातील जांभा दगडाचे तेवढेच दाणे त्यांत मिसळता येतात. चाळणीखाली पडलेली भुकटी मिश्रणात मुळीच जाऊ देऊ नये.

पुनर्रोपणाचा योग्य काळ थंडी ओसरताना, पाइनचे मेणबत्तीसारखे उभे कोंब लांबू लागण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा होय. मुळांवर दिसणारी पांढरी बुरशी रोग समजून धुऊन टाकू नये. ती मायकोरायझा, म्हणजे मुळांशी सहजीवन करून त्यांना पाणी व क्षार पुरवणारी बुरशी असते. सगळी जुनी माती एकदम झाडली तर पाइन बहुधा दगावतो, म्हणून गोळ्याची एक बाजू बांबूच्या काडीने मोकळी करावी, दुसरी तशीच ठेवावी आणि झाड सशक्त झाल्यावर, दोनेक वर्षांनी, उरलेली बाजू हाती घ्यावी. झाड तारेने कुंडीला पक्के बांधावे, कारण हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळे तुटतात. नवे दाणे काडीने मुळांमध्ये नीट बसवावेत आणि तळाच्या छिद्रांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घालावे. नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नये. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील यामाकी पाइन १६२५ पासून बोन्साय म्हणून जोपासला गेला आहे आणि १९४५ चा हिरोशिमावरील बॉम्बहल्लाही त्याने सोसला. एवढे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या जुनी माती काढून नवी भरत राहिल्याशिवाय शक्य नसते.

भरड मिश्रणाला उन्हाळ्यात रोज, कधी दोनदाही पाणी द्यावे लागते, आणि ज्याला ते जमणार नाही त्याने पाइन न घेणेच बरे. खरी परीक्षा जुलैच्या झडीत होते. त्या दिवसांत कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवावी. लुगड्याचा एक कोपरा खाली ओढला की जसे पाणी ठिबकते, तसे तिरक्या कुंडीतूनही साठलेले पाणी खालच्या कडेच्या छिद्रातून निघून जाते.