लिंक अ‍ॅग्रिगेशनमधील दोषनिवारण

लिंक अ‍ॅग्रिगेशन म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्क स्विच यांना जोडणाऱ्या दोन किंवा अधिक केबलचा एकाच जोडणीप्रमाणे वापर करण्याची पद्धत होय. एक केबल निकामी झाली तरी सेवा चालू राहावी आणि एकूण वहनक्षमता वाढावी, हे तिचे हेतू आहेत. आयईईई या संस्थेने २००० साली ८०२.३एडी या मानकाद्वारे ही पद्धत प्रमाणित केली. २००८ मध्ये तिचा समावेश ८०२.१एएक्स या स्वतंत्र मानकात झाला. लिनक्समध्ये हिला बाँडिंग, तर सिस्कोच्या स्विचवर इथरचॅनेल म्हणतात.

कार्यपद्धती

स्थिर पद्धतीत दोन्ही टोकांचे गट हाताने ठरवले जातात व समोरच्या टोकाची खातरजमा होत नाही. एलएसीपी पद्धतीत दोन्ही टोके दर ३० सेकंदांनी किंवा जलद मांडणीत दर सेकंदाला संदेश पाठवतात. तीन संदेशांइतका काळ काहीच न आल्यास ती जोडणी गटातून वगळली जाते. कोणती फ्रेम कोणत्या केबलवरून जाईल, हे पत्त्यांवर आधारित हॅश गणिताने ठरते.

सामान्य दोष

- एका टोकाला स्थिर पद्धत व दुसऱ्या टोकाला एलएसीपी असणे.
- एलएसीपीमध्ये दोन्ही टोके निष्क्रिय असणे. अशा वेळी कोणीच संवाद सुरू करत नाही व गट बनत नाही.
- गटातील पोर्टचा वेग किंवा व्हीलॅन मांडणी भिन्न असणे.
- केबल दोन स्वतंत्र स्विचमध्ये जोडलेल्या असणे. ते स्विच एकत्र काम करण्यासाठी जुळवलेले नसतील, तर सर्व केबल एका गटात येत नाहीत.

उदाहरण

अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात ऑनलाइन परीक्षा चालू आहे, असे समजू. स्विचवर दोन पोर्टचा स्थिर गट आहे, पण सर्व्हरवर गट बांधलेला नाही. स्विच काही संगणकांच्या फ्रेम चुकीच्या नेटवर्क कार्डाकडे पाठवतो आणि ते कार्ड त्या नाकारते. परिणामी काही विद्यार्थ्यांची प्रश्नपत्रिका उघडते, शेजारच्यांची उघडत नाही. पोर्टचे सर्व दिवे मात्र लागलेले असतात. त्यामुळे दोष विद्यार्थ्यांच्या संगणकात शोधला जाऊन वेळ वाया जाण्याची शक्यता असते.

तपासणीचा क्रम

प्रथम केबल, पोर्ट व वेग पाहावा. नंतर दोन्ही टोकांची पद्धत ताडून पाहावी. लिनक्सच्या बाँडिंग स्थितीत भागीदाराचा मॅक पत्ता केवळ शून्यांचा दिसल्यास समोरून एलएसीपी संदेश पोहोचलेला नाही, असे समजावे. केबलचे अ‍ॅग्रिगेटर क्रमांक वेगवेगळे असल्यास त्या एका गटात आलेल्या नाहीत. शेवटी, सेवा वापरात नसताना एकेक केबल काढून संपर्क टिकतो का, हे पाहावे. गटातील एक केबल आधीच बंद असली तरी सेवा चालू राहते. म्हणून ही चाचणी व नियमित देखरेख न केल्यास दुसरी केबल बंद पडेपर्यंत दोष लक्षात येत नाही.

मर्यादा

एका गिगाबिटच्या चार केबल जोडल्याने एकूण क्षमता चार गिगाबिट होते. तथापि फ्रेमचा क्रम बिघडू नये म्हणून एक संवाद सामान्यतः एकाच केबलवरून जातो. त्यामुळे एका जोडणीवरून एक मोठी फाइल पाठवताना एका गिगाबिटपेक्षा अधिक वेग न मिळणे हा दोष नसून या पद्धतीचा स्वभाव आहे.