ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे महाराष्ट्रातील खाडीलगतचे पाणथळ अभयारण्य आहे. सुमारे १,६९० हेक्टरांचे हे क्षेत्र २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले व २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट करण्यात आले. लोणावळ्याजवळील राजमाची परिसरात उगम पावणाऱ्या उल्हास नदीचे गोडे पाणी काही अंशी या खाडीस मिळते. साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात येथे लहान रोहित व मोठा रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी आढळतात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलातील शैवाल व सूक्ष्म जीव हे त्यांचे खाद्य होय. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पक्षिनिरीक्षणासाठी नौकाफेरी निघते. तिची वेळ भरती-ओहोटीनुसार ठरते. सांडपाणी, साचणारा गाळ आणि पाणथळ जागांवरील भराव यांमुळे या अधिवासास धोका निर्माण झाला आहे.