नायकाने फसायचं कसं?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण खेळ या कल्पनेचा विचार केला. योहान हायझिंगाने १९३८ साली मांडलेलं खेळाचं रिंगण आपल्याला आता परिचयाचं आहे. आत वेगळे नियम, बाहेर वेगळे. आज त्या रिंगणात दोन माणसं उभी करायची आहेत. एक नायक, आणि दुसरा त्याचा असा वैरी, जो तलवारीने लढतच नाही. तो बोलण्याने, सोंगाने, खोट्या मैत्रीने लढतो. त्याला इंग्रजीत ट्रिकस्टर म्हणतात, आपण मायावी म्हणू. नुसता खलनायक म्हटलं तर अर्थ निसटतो. खलनायकाला नायकाचा नाश हवा असतो. मायाव्याला गंमत हवी असते, आणि तिच्यापायी नाश झाला तर होतो.

ही दोघं रंगमंचावर नाहीत, लार्पमध्ये आहेत. लार्प म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोल-प्ले. एक पात्र घ्यायचं, वेष करायचा, आणि जंगलात, जुन्या वाड्यात किंवा किल्ल्यात काही तास, कधी दोन-तीन दिवस, ते पात्र म्हणून वावरायचं. संवाद लिहिलेले नसतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरात डॅगोरहिर नावाचा फोमच्या शस्त्रांचा लढाईचा खेळ १९७७ साली सुरू झाला, इंग्लंडमध्ये पेकफर्टनच्या किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ १९८२ साली. पुढे नॉर्डिक देशांतल्या मंडळींनी त्यातली मारामारी कमी केली आणि नाटक वाढवलं. १९९७ पासून त्यांची संमेलनंही भरू लागली.

मोठी माणसं झूल पांघरून पळतात म्हणून हसू नका. सिंधुदुर्गात दशावतार पाहिलेल्यांना यातलं निम्मं ठाऊक आहे. तिथेही आख्यान ठरलेलं, पण संवाद जागच्या जागी सुचतात. संकासुर मालवणीत साऱ्या गावाची टोपी उडवतो. फरक एवढाच, की देवळासमोर गाव बसलेला असतो. संकासुराची लबाडी गावाला कळते, म्हणून गाव हसतो. लार्पमध्ये गाव नाही, प्रेक्षक नाही. मग मायाव्याची कला बघायची कुणी? जो फसतो, त्यानेच! आजची सगळी अडचण इथून सुरू होते.

नायक झालेल्या खेळाडूला बऱ्याचदा दिसत असतं की समोरचा म्हातारा भिक्षेकरी म्हणजे तो मायावीच. आवाज ओळखीचा असतो, बूट ओळखीचे असतात. पात्राला मात्र हे माहीत नाही. एकाच डोक्यात जाणणारा आणि न जाणणारा असे दोघे राहतात. आत्मवंचनेवर पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी खूप डोकेफोड केली, की माणूस स्वतःला फसवू शकतो का? फसवणारा मीच असेन तर मला ठाऊक असणारच. इथे मात्र गाठ सहज सुटते, कारण खेळाडू स्वतःला फसवत नाही. तो फसलेल्याचं वागणं पत्करतो. नवखा नायक नेमका हेच करत नाही. तो शहाणपणा दाखवतो. भिक्षेकऱ्याला बघताच तलवार उपसतो आणि ‘पकडलं!’ म्हणतो. त्या क्षणी त्याने मायाव्याला हरवलेलं नसतं, खेळ मोडलेला असतो. हायझिंगाने लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत फरक केला, आणि समाज पहिल्याला लवकर माफ करतो असं म्हटलं. लबाडी करणारा निदान रिंगण मानण्याचं नाटक तरी करतो.

आता कर्णाकडे या. वनपर्वात सूर्य स्वप्नात येऊन त्याला आधीच सांगतो, की इंद्र ब्राह्मणाच्या रूपाने येईल आणि कवचकुंडलं मागेल, देऊ नकोस. कर्ण ऐकतो आणि तरी देतो. लार्पमधला नायक आणि कर्ण यांत भेद आहे, तो नीट लक्षात घ्या. लार्पमध्ये खेळाडूला माहीत असतं, पात्राला नाही. कर्ण हे पात्रच जाणतं. पण दोघांनाही वाकवणारी गोष्ट एकच. मागणाऱ्याला नाही म्हटलं, तर तो कर्ण राहत नाही. दशरूपककार धनंजयाने नायकाचे चार प्रकार केले, त्यांत धीरोदात्ताचा एक गुण दृढव्रत हा आहे. मायाव्याचा गळ नेमका तिथे अडकतो. ज्याचं कुठलंच व्रत नाही, त्याला लुटता येईल, मारता येईल, पण या अर्थाने फसवता येणार नाही. म्हणून नायकाचं पात्र घेणाऱ्यांना आम्ही विचारतो, तुमचा नायक कशाला नाही म्हणू शकत नाही? उत्तर नसेल तर समोरच्या बिचाऱ्या मायाव्याला धरायला मूठच नाही.

नायकाच्या बाजूने पाहिलं तर मायावी हा नुसता तोट्याचा सौदाही नाही. स्नॉरीने तेराव्या शतकात लिहून ठेवलेली आइसलंडची कथा बघा. लोकी थॉरच्या बायकोचे, सिफचे, केस कापतो. थॉर त्याची हाडं मोडायला निघतो. जीव वाचवायला लोकी बुटक्यांकडून सोन्याचे केस करून आणतो, आणि खोड जात नाही म्हणून दुसऱ्या बुटक्यांशी स्वतःच्या डोक्याची पैज लावतो. ते काम करत असताना माशी होऊन भाता चालवणाऱ्याच्या पापणीला चावतो. भाता क्षणभर थांबतो आणि हातोड्याचा दांडा आखूड होतो. तोच थॉरचा हातोडा, म्योल्निर. म्हणजे नायकाचं शस्त्र मायाव्याच्या खोडीतून आलं, आणि त्यातली उणीवही त्याच्याच खोडीतून. लार्पमध्ये मुरलेले मायावी हेच करतात. ते नायकाचं काही चोरतात, पण जाताना त्याच्या हातात काही ठेवून जातात, म्हणजे एखादं कोडं, एखादं वैर, नाहीतर परत यायचं कारण. नुसतं चोरणारा दुपारपर्यंत कंटाळवाणा होतो.

आता जोखमीचा भाग. नॉर्डिक मंडळींनी दोन शब्द ठरवले आहेत. ‘कट’ म्हटलं की खेळ तिथल्या तिथे थांबतो. ‘ब्रेक’ म्हटलं की खेळ चालू राहतो, पण समोरच्याने जोर कमी करायचा. समजा नायकाने मायाव्याला दोरीने बांधलं आणि मायावी कण्हत म्हणाला, ‘कट, हात दुखतोय.’ नायकाने घाबरून गाठ सोडली आणि हा हसत पळाला. चतुराई म्हणायची का ही? आमच्या मते नाही. कांटने १७८५ साली खोट्या वचनाबद्दल जे म्हटलं ते इथे तंतोतंत लागू पडतं. सगळेच खोटी वचनं देऊ लागले तर वचन या गोष्टीलाच कुणी विचारणार नाही. एकदा ‘कट’ खोटा निघाला की पुढच्या वेळी खरोखर हात पिरगळलेल्या माणसाची गाठ कुणी सोडणार नाही. मायाव्याला दिवसभर खोटं बोलायची मुभा आहे, ती या दोन शब्दांबद्दल तो खरं बोलतो म्हणूनच.

व्याख्यानानंतर एका बाईंनी चिठ्ठी पाठवली. ‘नायक झालेल्याला खरंच अपमान वाटला तर?’ वाटतो. पात्राच्या भावना माणसात झिरपतात, त्याला हे लोक ‘ब्लीड’ म्हणतात. म्हणून खेळ संपल्यावर सगळे खऱ्या नावांनी गोल बसतात, नायक आणि मायावी जवळजवळ, आणि काय झालं ते बोलतात. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. कधी भागत नाही. मायाव्याने नायकाच्या व्रताऐवजी त्या मुलाच्या तोतरेपणाला हात घातलेला असतो. मग ‘ते मी नाही, माझं पात्र बोललं’ ही सबब चालत नाही. ती पात्राला व्रतावरून फसवलं तेव्हा चालते, कारण ते व्रत खेळासाठी घेतलेलं होतं. तोतरेपण तो मुलगा घरून घेऊन आला होता.

दुसरी चिठ्ठी इंद्राकडून बदल्यात शक्ती मागून घे, या सूर्याच्या सल्ल्याबद्दल आहे. दान देताना मोबदला मागितला तर ते दान राहतं का, असं विचारलंय. तो प्रश्न पुढच्या बैठकीत घेऊ.